गोलरक्षकानें रेषा सोडावी काय?

जुलै महिन्यांतील एखादी संध्याकाळ डोळ्यांपुढें आणावी. मुंबईहून निघालेल्या गाडीनें पालघर मागें टाकलें, उमरोळी गेलें आणि बोईसर जवळ आलें कीं लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंस भाताचीं खाचरें पाण्यानें भरलेलीं दिसतात. पश्चिमेस तारापूर आणि त्याच्या पलीकडे समुद्र. या पट्ट्यांत १९६९ सालीं देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र सुरू झालें, कारखान्यांची मोठी वसाहत वाढली, आणि २०१४ सालीं पालघर हें नव्या जिल्ह्याचें मुख्य ठिकाण झालें. इतकें सर्व बदललें तरी पावसाळ्यांतील मोकळ्या मैदानाचें रूप फारसें बदललेलें नाहीं. घोट्यापर्यंत चिखल, समुद्राकडून येणारा ओला वारा, आणि एका चेंडूच्या मागें धांवणारीं बावीस मुलें.

समजा, अशाच एका शालेय सामन्याचीं शेवटचीं पांच मिनिटें उरलीं आहेत. दोन्ही पक्षांचे गोल सारखे आहेत. प्रतिपक्षाचा एक खेळाडू उजव्या कडेनें चेंडू घेऊन येतो आणि गोलच्या तोंडासमोर उंच फटका मारतो. खेळाडूंच्या भाषेंत याला क्रॉस म्हणतात. गोलमध्यें उभा असलेला पंधरा वर्षांचा मुलगा क्षणभर पाहतो आणि बाहेर झेपावतो. चेंडू वाऱ्यानें किंचित् वळतो, मुलाच्या बोटांवरून निसटतो, आणि मागें उभ्या असलेल्या दुसऱ्या एका मुलाच्या कपाळाला लागून मोकळ्या गोलांत जातो. छत्र्या घेऊन उभ्या राहिलेल्या मंडळींत हंशा पिकतो. कोणी तरी ओरडतो, "अरे, जागेवर उभा राहिला असतास तर काय बिघडलें असतें?"

त्या प्रश्नाला मुलाजवळ उत्तर नसतें. पुढच्या सामन्यांत तो रेषेवरून पाऊल हलवीत नाहीं. त्या दिवशीं त्याच्यावर तीन गोल होतात, आणि तिन्ही त्याच्यापासून पांच-सहा पावलांवर डोक्यानें मारलेले असतात. परंतु आज त्याला कोणी हंसत नाहीं. "एवढ्या जवळून मारल्यावर तो बिचारा काय करणार!" असें म्हणून लोक हळहळतात आणि घरीं जातात.

या दोन सामन्यांपैकीं कोणत्या सामन्यांत त्या मुलाची चूक मोठी होती? वरवर पाहतां प्रश्न खेळाचा आहे. परंतु मनुष्य आपल्या चुका कशा मोजतो आणि दुसऱ्यांच्या चुका कशा पाहतो, याचाहि उलगडा त्यांत होतो.

प्रथम मैदानाची रचना ध्यानांत घ्यावी. फुटबॉलचा गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच असतो. त्याच्यापुढें ६ यार्ड खोलीची एक लहान चौकट आणि १८ यार्ड खोलीची एक मोठी चौकट आंखलेली असते. मोठ्या चौकटींत गोलरक्षकाला चेंडू हातानें धरतां येतो. त्याच्या पक्षांतील इतर कोणालाहि ती मुभा नाहीं. पूर्वीं हा अधिकार याहूनहि मोठा होता. १९१२ पर्यंत गोलरक्षकाला मैदानाच्या आपल्या अर्ध्या भागांत कोठेंहि चेंडूला हात लावतां येत असे. त्या सालीं नियम बदलला आणि ही मोकळीक मोठ्या चौकटीपुरती राहिली. म्हणजे गोलच्या दोन खांबांमध्यें उभें राहणें एवढाच गोलरक्षकाचा मूळ धर्म, अशी जी समजूत आहे ती नियमाला धरून नाहीं. नियमानें त्याला बाहेर पडण्याची मोकळीक दिली आहे. त्याला रेषेशीं बांधून ठेवलें तें दोन गोष्टींनीं. एक शरीराला होणाऱ्या इजेची भीति, आणि दुसरी लोकापवादाची.

पहिली भीति खोटी नव्हती. १९३१ च्या सप्टेंबरांत ग्लासगो येथें सेल्टिक संघाचा बावीस वर्षांचा गोलरक्षक जॉन थॉमसन प्रतिपक्षाच्या खेळाडूच्या पायांशीं झेपावला आणि डोक्याला झालेल्या जबर इजेनें त्याच रात्रीं मरण पावला. हवेंतील चेंडूसाठीं बाहेर येणाऱ्या गोलरक्षकाला खांद्यानें धडक देणें हें तर त्या काळीं इंग्लंडांत नियमाला सोडून मानलें जात नसे. १९५७ च्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यांत मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक रे वूड याच्या गालाचें हाड अशाच धडकेनें मोडलें. पुढच्याच वर्षीं, त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत, बोल्टनच्या लॉफ्टहाउसनें हॅरी ग्रेग याला चेंडूसकट गोलांत लोटलें आणि पंचांनीं तो गोल मान्य केला. पुढें पंच याबाबतींत अधिक कडक झाले. आज चेंडू गोलरक्षकाच्या हातीं असतांना त्याला कोणी भिडूं शकत नाहीं. तरी चेंडू हातीं येण्यापूर्वींची हवेंतील झुंज अजून तशीच आहे. अलीकडे तर कॉर्नरच्या वेळीं गोलरक्षकाच्या अवतीभोंवतीं तीन-चार खेळाडू उभे करून त्याची वाट अडविण्याची रीत वरच्या दर्जाच्या सामन्यांतहि रुळली आहे.

तरीहि बाहेर पडणें हेंच गोलरक्षकाचें खरें काम, असें जगाला पटविणारे खेळाडू निघाले. त्यांत रशियाच्या लेव्ह याशिनचें नांव अग्रभागीं येतें. मॉस्कोच्या डायनॅमो संघाचा हा गोलरक्षक रेषेवर खिळून राहत नसे. तो चौकटींत पुढें येऊन उंच चेंडू मध्येंच उचली, गर्दींत मुठीनें दूर लोटी, आणि आपल्या बचावाच्या खेळाडूंना ओरडून जागा दाखवी. १९५६ सालीं मेलबर्नच्या ऑलिंपिकांत त्याच्या संघानें सुवर्णपदक मिळविलें. १९६३ सालीं त्याला युरोपांतील सर्वोत्तम खेळाडूचा सुवर्णचेंडू मिळाला. तो मान आजपर्यंत दुसऱ्या कोणत्याहि गोलरक्षकाला मिळालेला नाहीं. त्याच मेलबर्न ऑलिंपिकांत भारताचा संघ चौथा आला होता, आणि मुंबईच्या माटुंग्यांत वाढलेले एस. एस. नारायण हे त्या संघाच्या गोलरक्षकांपैकीं एक होते. रोव्हर्स चषकाची स्पर्धा ज्या मुंबईंत १८९१ सालीं सुरू झाली, तेथील खेळाडूंना पावसांतील चेंडूची खोड कोणी शिकवावी लागत नसे. चामड्याचा चेंडू पाणी पिऊन जड होई आणि हातांत ठरत नसे. आजचा कृत्रिम कातड्याचा चेंडू पाणी पीत नाहीं. परंतु ओला झाला कीं माशासारखा सुळकन् निसटतो. अडचणीचें रूप बदललें, अडचण उरलीच.

आतां थोडें गणित करून पाहूं. बाजूच्या रेषेजवळून मारलेल्या चेंडूला गोलच्या तोंडापर्यंत येण्यास सुमारें ३० यार्ड, म्हणजे ९० फूट, जावें लागतें. ताशीं ४० मैलांचा वेग धरला तर तो दर सेकंदास ५८ फुटांहून थोडें अधिक अंतर कापतो. म्हणजे गोलरक्षकाच्या हातीं सुमारें दीड सेकंद असतो. तेवढ्या अवधींत चेंडूची दिशा ओळखणें, निश्चय करणें, चार-पांच यार्ड धांवणें आणि उडी मारणें हें सर्व उरकावें लागतें. चपळ मनुष्याला उभ्या जागेवरून पांच यार्ड जाण्यासच सुमारें सवा सेकंद लागतो. हिशेब जमतो खरा. पण जेमतेम जमतो. निश्चय करण्यांत ज्याचा अर्धा सेकंद अधिक गेला, त्याचा चेंडू गेला.

उलट, तो रेषेवरच थांबला असें धरूं. प्रतिपक्षाच्या खेळाडूनें लहान चौकटीच्या कडेवरून, म्हणजे १८ फुटांवरून, डोक्यानें चेंडू मारला. त्याचा वेग ताशीं केवळ ३० मैल धरला तरी चेंडू सुमारें चार दशांश सेकंदांत रेषेवर येतो. डोळ्यांनीं पाहिलेलें हातांना कळण्यांतच यांतील निम्मा काळ जातो. उरलेल्या दोन दशांश सेकंदांत गोलच्या कोपऱ्यापर्यंत झेप घेणें हें बहुधा मनुष्याच्या शक्तीपलीकडचें आहे. म्हणजे "जागेवर उभा राहिला असतास तर काय बिघडलें असतें," या प्रश्नाचें खरें उत्तर, बहुधा तोच गोल झाला असता, असें आहे. फरक इतकाच कीं, तेव्हां कोणी हंसलें नसतें.

गोलरक्षकाच्या बाजूनें एक मोठी जमेची गोष्ट आहे. ५ फूट ८ इंच उंचीचा मनुष्य हात वर करून उडी मारतो तेव्हां त्याचीं बोटें सुमारें ९ फुटांवर पोंचतात. तेवढ्याच उंचीचा प्रतिस्पर्धी डोक्यानें चेंडू मारण्यासाठीं उडी मारतो तेव्हां त्याचें कपाळ साडेसात फुटांच्या आसपास राहतें. हा दीड फुटाचा फरक हीच गोलरक्षकाची पुंजी होय. मात्र ती पुंजी चेंडू त्याच्या सर्वांत उंच बिंदूवर धरला तरच कामास येते. चेंडू छातीपर्यंत उतरूं दिला, तर ती व्यर्थ जाते.

यावरून गोलरक्षकानें प्रत्येक क्रॉसला बाहेर पडावें, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. याची साक्ष दोन प्रसिद्ध प्रसंग देतात.

पहिला प्रसंग ७ जून १९७० चा, मेक्सिकोंतील ग्वादालाहारा येथील. ब्राझील आणि इंग्लंड यांचा सामना होता. ब्राझीलच्या जैरझिन्योनें उजव्या कडेच्या अगदीं टोकावरून उंच चेंडू दूरच्या खांबाकडे मारला. इंग्लंडचा गोलरक्षक गॉर्डन बँक्स जवळच्या खांबापाशीं होता. तो चेंडू आपल्या हातीं लागणार नाहीं, हें त्यानें तत्क्षणीं ओळखलें. तो बाहेर गेला नाहीं. हातीं असलेला वेळ त्यानें गोलच्या दुसऱ्या बाजूकडे सरकण्यांत घालविला. पेलेनें जोरानें चेंडू खालीं मारला, तो जमिनीवर आपटून वर आला, आणि बँक्सनें झेप घेऊन तो एका हातानें आडव्या दांडीवरून बाहेर काढला. तो सामना ब्राझीलनेंच १-० असा जिंकला. परंतु लोकांच्या आठवणींत राहिला तो हा बचाव. बँक्सच्या चपळाईचें कौतुक सर्वांनीं केलें. त्याहून कौतुकास्पद गोष्ट ही कीं, बाहेर न जाण्याचा त्याचा निर्णय झटपट आणि पक्का होता.

दुसरा प्रसंग २९ जून १९८६ चा, मेक्सिको शहरांतील विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा. २३ व्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या बुरुचागानें उजवीकडून फ्री किक मारली. पश्चिम जर्मनीचा नामांकित गोलरक्षक शूमाखर बाहेर धांवला, त्याला चेंडू गांठतां आला नाहीं, आणि ब्राउनने मोकळ्या गोलांत डोक्यानें चेंडू घातला. अखेर अर्जेंटिनानें सामना ३-२ असा जिंकला, आणि शूमाखरची ती धांव त्या सामन्याच्या वर्णनांत कायमची जाऊन बसली. आतां त्याच सामन्याची दुसरी बाजू पाहावी. पश्चिम जर्मनीचे दोन्ही गोल कॉर्नरवरूनच झाले, आणि तेहि गोलच्या अगदीं तोंडाशीं. त्या वेळीं अर्जेंटिनाच्या गोलरक्षकानें रेषा सोडावयास हवी होती काय? विजयी संघाच्या गोलरक्षकाला असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. बाहेर येऊन चुकलेला सर्वांना दिसतो. आंत राहिलेल्याची चूक झाली कीं नाहीं, हें शोधून काढावें लागतें, आणि शोधण्याचे कष्ट कोण घेतो?

आपल्याकडचा अनुभव याहून वेगळा नाहीं. १० सप्टेंबर २०१९ रोजीं दोहा येथें विश्वचषकाच्या पात्रता-फेरींत भारतानें त्या वर्षींच्या आशियाई विजेत्या कतारला ०-० असें रोखलें. कतारनें फटक्यांचा पाऊस पाडला. परंतु त्या दिवशीं संघाचें नायकपदहि सांभाळणारा गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू यानें एकहि चेंडू आंत जाऊं दिला नाहीं. देशभर त्याचा गौरव झाला. पुढें पांच आठवड्यांनीं, १५ ऑक्टोबरला, कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर बांगलादेशाशीं सामना होता. ४२ व्या मिनिटाला जमाल भुयाँची फ्री किक गोलच्या तोंडाकडे आली. गुरप्रीत बाहेर आला, त्याचा अंदाज चुकला, आणि साद उद्दीननें डोक्यानें गोल केला. ८८ व्या मिनिटाला गोव्याच्या ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर गोव्याच्याच आदिल खाननें डोक्यानें गोल करून सामना बरोबरींत सोडविला, म्हणून भारताची लाज राहिली. पांच आठवड्यांत तो मनुष्य बदलला नव्हता, त्याची उंची घटली नव्हती, कीं त्याचें धैर्य आटलें नव्हतें. फक्त एक अंदाज चुकला. अशा एका अंदाजावरून बाहेर येण्याची रीतच चुकीची ठरविली, तर ज्या रीतीनें दहा संकटें टळलीं तिचाच त्याग केल्यासारखें होईल.

याच खेळांतील आणखी एक गोष्ट या प्रश्नावर विलक्षण प्रकाश टाकते. २००७ सालीं इस्रायलमधील कांहीं संशोधकांनीं वरच्या दर्जाच्या सामन्यांतील २८६ पेनल्टी फटक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत सुमारें २९ टक्के फटके गोलच्या मधल्या भागांत मारलेले आढळले. गोलरक्षक मात्र शंभरांत जेमतेम सहा वेळां मध्यें उभे राहिले. इतर सर्व वेळीं ते डावीकडे किंवा उजवीकडे झेपावले. उभें राहणें अधिक फायद्याचें असतांहि ते कां झेपावतात? संशोधकांचा उलगडा असा कीं, पेनल्टीच्या वेळीं झेप घेणें हीच रूढि आहे. झेप घेऊन गोल झाला तर "निदान प्रयत्न तरी केला," असें वाटतें. नुसतें उभें राहून गोल झाला तर मन अधिक खातें.

आतां दोन्ही गोष्टी शेजारीं ठेवून पाहाव्या. पेनल्टीच्या वेळीं उभा राहिलेला दोषी दिसतो, म्हणून गोलरक्षक झेपावतो. क्रॉसच्या वेळीं बाहेर आलेला दोषी दिसतो, म्हणून तो उभा राहतो. एके ठिकाणीं हालचाल, दुसऱ्या ठिकाणीं निश्चलता. पण दोहोंच्या मुळाशीं बसलेली वस्तु एकच, आणि ती म्हणजे लोक काय म्हणतील याची चिंता. ज्या गोलरक्षकाचे पाय चेंडूकडे न पाहतां प्रेक्षकांकडे पाहून हलतात, तो बाहेर आला काय आणि आंत राहिला काय, सारखेंच.

मग योग्य मार्ग कोणता? जाणत्या खेळाडूंच्या अनुभवाचें सार थोडक्यांत सांगतां येईल. चेंडू मारला जाण्यापूर्वीं निश्चय करूं नये, आणि मारला गेल्यावर निश्चयास वेळ लावूं नये. अगोदरच रेषेवर पाठ टेकून उभें न राहतां एक-दोन यार्ड पुढें, आणि गोलच्या मध्यापासून किंचित् दूरच्या खांबाकडे उभें राहावें. म्हणजे पुढें जाण्याचा आणि मागें सरण्याचा असे दोन्ही रस्ते मोकळे राहतात. चेंडू लहान चौकटींत उतरणार असेल आणि वाट मोकळी असेल, तर जावें. गेल्यावर पुरतें जावें. बोटें चेंडूला सर्वांत उंच ठिकाणीं भिडलीं पाहिजेत. भोंवतीं गर्दी असेल किंवा चेंडू ओला असेल, तर पकडण्याचा मोह सोडून दोन्ही मुठींनीं तो उंच आणि बाजूला लोटावा. चेंडू याच्याहि पलीकडे जात असेल, तर जाऊंच नये. बँक्सप्रमाणें तो वेळ पुढच्या फटक्याच्या तयारींत घालवावा.

या सर्वांत घातक जागा कोणती, तर अर्धी वाट. रेल्वेचा रूळ ओलांडतांना जो मध्येंच थबकतो, त्याला अलीकडचा कांठहि उपयोगीं पडत नाहीं आणि पलीकडचाहि. बाहेर निघालेला आणि मध्येंच शंका येऊन थांबलेला गोलरक्षक तसाच असतो. तो चेंडूपाशींहि नसतो आणि गोलपाशींहि नसतो. खेळांतील बरेचसे हास्यास्पद गोल या अर्ध्या वाटेवर होतात, आणि लोक मात्र त्याचा दोष "बाहेर आला" या गोष्टीला देतात. खरा दोष बाहेर येण्यांत नसून अर्धवट येण्यांत असतो.

दुसरी विसरली जाणारी गोष्ट अशी कीं, बाहेर येणें हें एकट्याचें काम नाहीं. गोलरक्षक निघतांना मोठ्यानें हांक देतो ती केवळ धीर येण्यासाठीं नव्हे. त्या हांकेचा अर्थ "चेंडू माझा, तुम्हीं माझी जागा घ्या," असा असतो. ती ऐकतांच बचावाच्या एका खेळाडूनें मागें धांवून रेषेवर उभें राहावयाचें असतें. जेथें हा करार पाळला जातो तेथें चुकलेली झेपहि सांवरतां येते. जेथें पाळला जात नाहीं, तेथें गोल मोकळा पडतो आणि शिव्या गोलरक्षकाला बसतात. म्हणून अशा गोलचा हिशेब करतांना "कीपर कां आला?" या प्रश्नाबरोबर "बॅक कां गेला नाहीं?" हा प्रश्नहि विचारला पाहिजे.

पालघर-बोईसरसारख्या समुद्राजवळच्या मुलखांत वाऱ्याचा विचार विशेष करावा लागतो. पावसाळ्यांत वारा नैर्ऋत्येकडून येतो, आणि मध्यंतरानंतर बाजू बदलल्या कीं तोच वारा उलट बाजूनें अंगावर येतो. पहिल्या अर्ध्यांत जो चेंडू हातापर्यंत आपण होऊन येत होता, तो दुसऱ्या अर्ध्यांत हातापासून दूर पळूं लागतो. सातपाटीचा तांडेल होडी पाण्यांत लोटण्यापूर्वीं वारा पाहतो, आणि मग जावें कीं न जावें हें ठरवितो. खोल पाण्यांत गेल्यावर तो विचार करीत बसत नाहीं. तसेंच गोलरक्षकानें सामन्यापूर्वीं आणि मध्यंतरांत चार-सहा उंच चेंडू आपल्याकडे मारून घ्यावे आणि वारा त्यांना किती ढकलतो तें पाहून ठेवावें. दीड सेकंदांत करावयाच्या निर्णयाची निम्मी तयारी अशा रीतीनें आधींच होऊन राहते.

रेषेवर राहावें असें म्हणणाऱ्यांच्या बाजूनेंहि एक बळकट मुद्दा आहे, आणि तो लहान मुलांसंबंधीं आहे. तेरा वर्षांच्या पांच फुटी मुलाचीं बोटें उडी मारूनहि आठ फुटांवरच्या दांडीला जेमतेम लागतात. कधीं लागतहि नाहींत. मोठ्या माणसांची दीड फुटाची पुंजी त्याच्याजवळ थोडीच असते, आणि मागें पसरलेला २४ फुटांचा गोल मात्र पुऱ्या मापाचा असतो. अशा मुलाला "बाहेर पड, बाहेर पड," म्हणून सारखें ढोसणें हा अन्याय आहे. इंग्लंडांत दहा वर्षांखालील मुलांसाठीं १२ फूट रुंद आणि ६ फूट उंच गोल ठेवतात, आणि वयाबरोबर माप वाढवीत नेतात. आपल्या शाळांनाहि हें सहज करतां येण्यासारखें आहे; त्याला चार बांबू आणि थोडी समजूत एवढेंच भांडवल लागतें. मापाचा गोल दिला म्हणजे मुलाला बाहेर पडण्याचा सराव लहानपणींच होतो, आणि मोठ्या गोलसमोर उभें राहण्याची वेळ येईपर्यंत भीति उरत नाहीं.

परंतु मापापेक्षां मोठा प्रश्न दृष्टीचा आहे. मैदानाच्या कडेला उभे राहणारे पालक, शिक्षक आणि शेजारी हे त्या मुलाचे पहिले परीक्षक असतात. ते केवळ फळ पाहतात. चेंडू हातीं आला कीं "शाबास," निसटला कीं "मूर्ख." वास्तविक फळ आणि निर्णय या दोन वस्तु निराळ्या आहेत. चांगला निर्णय घेऊनहि वाऱ्याच्या एका झोतानें चेंडू निसटूं शकतो, आणि वाईट निर्णय घेऊनहि नशिबानें तो हातीं येतो. ज्या मुलाला केवळ फळावरून शाबासकी आणि शिक्षा मिळते, तो चेंडू पाहावयास शिकत नाहीं. तो परीक्षकांचे चेहरे पाहावयास शिकतो. हळूहळू त्याला एक युक्ति सांपडते. जेथें चूक दिसणार नाहीं तेथें उभें राहावें, मग गोल किती का होईनात. ही युक्ति मैदानापुरती राहिली असती तर फारसें बिघडलें नसतें. परंतु पंधराव्या वर्षीं अंगीं बाणलेली वृत्ति पंचेचाळिसाव्या वर्षीं कचेरींत दिसते. टेबलावर आलेल्या कागदाला हात न लावणारा मनुष्य क्वचितच दोषी ठरतो, कारण त्यानें कांहीं केलेलेंच नसतें. तो आपल्या रेषेवर उभा असतो, आणि त्याच्या डोळ्यांदेखत गोल होत राहतात.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर असें. दोन सामन्यांपैकीं पहिल्या सामन्यांत त्या मुलाचा अंदाज चुकला. दुसऱ्या सामन्यांत त्यानें अंदाज करणेंच सोडून दिलें. पहिली चूक सरावानें सुधारते. दुसरी चूक दिसतच नाहीं, म्हणून ती सुधारण्याचा प्रसंगच येत नाहीं. गोलरक्षकानें रेषा सोडावी. मात्र चेंडू गांठतां येईल तेव्हांच सोडावी, आणि सोडली तर पुरती सोडावी. रेषेवर राहावयाचें असेल तर तेंहि ठरवून राहावें. कोणी हंसूं नये म्हणून मात्र राहूं नये.

सामना संपतो, पाऊस थोडा उघडतो, आणि चिखलानें माखलेला तो मुलगा घरीं येतो. घरचीं माणसें त्याला विचारतात, "किती गोल खाल्ले?" त्याऐवजीं एखाद्या दिवशीं विचारून पाहावें, "तूं बाहेर गेलास तेव्हां तुला काय दिसलें होतें?" कदाचित् तो सांगेल कीं, चेंडू वाऱ्यानें वळेल हें त्याच्या ध्यानांत आलें नव्हतें. कदाचित् तो म्हणेल कीं, हांक द्यावयाची राहून गेली. असें उत्तर जो मुलगा देऊं शकतो तो पुढच्या सामन्यांत पुन्हां बाहेर येईल. आणि या खेपेस चेंडू बहुधा त्याच्या हातांत असेल.